दारातल्या चपला

३ फेब्रुवारी
लेक जाऊन आज बारा दिवस. नातीला सांगितलंय, आई लांब कामाला गेलीय. शेजारीण म्हणाली, "चार वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय!" असेल बाई तसं.

४ फेब्रुवारी
बालवाडीत मी झाडलोट करते, नात तिथेच शिकते. आज बाईंनी गोष्टीचं चित्र दाखवलं. ससा घरी आला तो चिंब भिजून! विचारलं, काय झालं असेल? सगळी पोरं — पाऊस, पाऊस! आमची वकीलबाई म्हणते, "नदीत पडला. पाऊस असता तर शेजारचं गाढव पण भिजलं असतं." गाढव कोरडंच होतं. मला तर दिसलंच नव्हतं!
बाई म्हणाल्या, "मावशी, गोष्टीत जे सांगत नाही, ते मुलं स्वतःच जुळवतात." मी म्हटलं, बरं. माझी बादली भरून वाहत होती.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी दारात अडून बसली. "आजी, आई लांब गेली ना? मग चपला इथे कशा? अनवाणी गेली?"
एकच जोड तिचा. दवाखान्यात उचलून नेली, तेव्हा चपला कुणाला सुचतात! म्हटलं, "गप जेव."

८ फेब्रुवारी
पोर उठायच्या आत चपला पिशवीत घालून माळ्यावर टाकल्या. मिटला प्रश्न.

९ फेब्रुवारी
आज एकही प्रश्न नाही. स्वतःचं ताट स्वतः धुतलं, न सांगता केस विंचरून घेतले. शहाणी झाली म्हणायची!

११ फेब्रुवारी
कसली शहाणी! बालवाडीत खेळत नाही म्हणून बाईंनी जवळ घेतलं. तर त्यांच्या कानात म्हणाली, "आई आली होती. चपला घेऊन गेली. मला उठवलंच नाही. मी तिचा कंगवा मोडला ना."
तीन दिवस पोर हे पोटात घेऊन फिरतेय — आणि मी काय बघत होते? धुतलेलं ताट! आग लागो माझ्या अकलेला.

१२ फेब्रुवारी
सांगितलं. आई आजारी होती, मेली. आता कधीच येणार नाही. चपला मीच लपवल्या होत्या. काढून पुढ्यात ठेवल्या.
तिने एक चप्पल हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती?"
"नाही गं, सोन्या."
तेव्हा कुठे रडली.