माळ कसा पाडतात

६ जानेवारी

सगळ्यांत आधी आली ती शेजारची बुधी. पाहुण्या अजून ओढ्यापाशीच, गाडी पुढे येईना म्हणून चालत, आणि ही ओट्यावर बसलीसुद्धा! "माघे, परदेशची बाई बघायला आले." बाई आली तर हिचं तोंडच पडलं. "ही तर आपल्या रखमीसारखी. गोरी कुठाय?"

गोरी कशी असेल? लान व्हिएतनामची. माझी नात हर्षदा जर्मनीत नर्स आहे, ती लानच्या खोलीत राहते, मावशी म्हणते तिला. लानने न सांगता चप्पल बाहेर काढली, उकिडवी बसली, नाचणीची भाकर नि सुका बोंबील खाल्ला. काटासुद्धा ठेवला नाही. मला फार आवडली.

७ जानेवारी

आज माझी फजिती. दोन वर्षं गावभर सांगतेय, हर्षदा व्हिएतनामी लोकांच्या माळाजवळ राहते. मला वाटायचं शिरपामाळासारखा असेल — वारा, मोकळं सगळं. ती फोनवर 'मॉल' म्हणायची, मी माळ ऐकायचे. आज फोटो दाखवला. पत्र्याची केवढी शेड, आत दुकानंच दुकानं. न्हावी, पालाभाजी, सुकी मासळी, कोपऱ्यात देव. बाहेर बर्फ. रविवारी त्यांची माणसं लांबलांबून येतात, आपल्या बोलीत बोलायला. हर्षदा पहिल्या थंडीत तिथेच रडत बसली होती. लानने तिथल्या आपल्या दुकानातून उठून पेज पाजली तिला.

लानला तरणेपणी जर्मनीत कारखान्यात कामाला नेलं होतं. मग कारखानाच बंद पडला. म्हणजे आमच्यासारखीच, जगायला गेलेली. आमची माणसं वीटभट्टीवरून होळीला परत येतात. ही राहिली.

बुधी म्हणाली, "माळ काय नि मॉल काय, बाजार भरला म्हणजे झालं." सगळ्या हसल्या. लान नाही हसली. हर्षदा हळूच म्हणाली, "आजी, तो पाडणार आहेत. जागा विकली, मोठ्या इमारती होणार. दिवाळीत नोटीस लागली."

दिवाळीत.

८ जानेवारी

लानने उखळात भात कांडला, माझ्यापेक्षा चांगला. सांडलेले दाणे तांबड्या कोंबड्याला घातले. मला तिच्याकडे बघवेना.

९ जानेवारी

लिहूनच टाकते, सांगू कुणाला? दिवाळीत मी आमच्या कुळदेवाला, हिरव्याला, नवस बोलले — माझी पोर तिथून सुटू दे, कायमची घरी येऊ दे, तांबडा कोंबडा देईन. पोर माझी, मागणं माझं. तिथे आणखी कुणाचं काय आहे, हे मला कुठे ठाऊक होतं?

सकाळी सुकऱ्या भगताकडे गेले. नवस मागे घेता येतो का, विचारलं. तो विडी शोधत होता. "माघे, नवस फेडतात. मागे घ्यायला ती काय बाजारातली साडी आहे, रंग गेला म्हणून?"

"पण दुसरीचं घर मोडतंय रे."

"देव कसं देतो ते आपण सांगायचं नसतं," म्हणाला, आणि माझ्याकडेच काडेपेटी मागितली.

१० जानेवारी

दोघींना शिरपामाळावर नेलं. सांगितलं, शिवाजी महाराज इथे थांबले होते. लानने हर्षदाकडून विचारलं, "किती दिवस?" मला काय माहीत. फार नसतील म्हटलं.

ती त्या जागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आम्ही सदतीस वर्षं थांबलो."

तेव्हा सांगायचं होतं मला. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "बोरं खा." तिने ओंजळ पुढे केली.

११ जानेवारी

गेल्या. होळीला येतो म्हणाल्या. लानने कॅलेंडरवर स्वतः गोल काढला, वाकडा. कोंबडा दोन वेळा ओढ्यापर्यंत तिच्या मागे गेला. धरून आणला.

१२ फेब्रुवारी

हर्षदाचा फोन आला. माळ पाडायला लागले. लान खोली सोडून मुलाकडे राहायला जाणार, तिथल्याच दूरच्या गावी. नातवंडांना तिची बोली येत नाही.

होळीच्या आदल्या दिवशी दोघी इथे पोचतात. परतीचं तिकीट एकच काढलंय — मावशीचं.