माझ्या मोठ्या मनासाठी प्रार्थना

विल्फ्रेड,

मी उरणला सिसिलियाकडे जातेय, मंगळवारी येईन. फ्रिजमध्ये बोंबलाचं कालवण आहे, भात तेवढा लावून घे. जेवणाच्या टेबलावरची तुझी पुस्तकं हलवलेली नाहीत. दोन वर्षं आपण ओट्यापाशी उभ्यानेच जेवतोय, आता सवय झाली.

तुझ्या ईश्वरज्ञानाच्या दूरशिक्षणाचं तिसऱ्या वर्षाचं पाकीट कुरियरने आलंय. फादरांनी ते संमतीपत्रही पाठवलं. लग्न झालेल्या माणसाला चर्चमध्ये फादरांच्या हाताखाली डीकन व्हायचं तर बायकोची लेखी संमती लागते, हे तू कळंबोलीची नोकरी सोडण्याआधी सांगायला हवं होतंस. मला ते रविवारच्या मिस्सात कळलं. फादरांनी आधी तुझ्यासाठी प्रार्थना सांगितली, मग संमती देणाऱ्या माझ्या मोठ्या मनासाठी. सगळे म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मीही म्हणाले. बाहेर बायकांनी माझे हात धरून अभिनंदन केलं. त्यानंतर 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मी आधी गेले तर तुला दुसरं लग्न करता येणार नाही, असंही संमतीपत्रात लिहिलंय. तेवढं वाचून जरा बरं वाटलं.

सही केली आहे. संमतीपत्र तुझ्या बायबलखाली ठेवलंय. सहीच्या वर एक चौकट आहे, 'कोणत्याही दबावाशिवाय' अशी. तिथे खूण करायला माझा हात उठला नाही. ती तू कर.

जसिंता