डेअरीवरची गोळी

४ ऑक्टो.
मांडवगणहून दौंडला घरी पोचले तर सुधीर रेल्वेच्या ड्यूटीवर गेलेला. नवऱ्याच्या हातचं पिठलं झाकून ठेवलेलं, गार. तसंच खाल्लं.
सकाळी आधी डेअरी, मग दवाखाना. माणसं बी.पी.ची गोळी विसरतात, डेअरीवर दूध घालायला विसरत नाहीत. मग गोळी तिथंच, सेक्रेटरींसमोर गिळायला लावली तर? एवढाच माझा अभ्यास. परवानगीला किती खेटे घातले. एथिक्स कमिटीत एकानं विचारलं, दूध आणि बी.पी.चा संबंध काय.

९ ऑक्टो.
पुण्याहून मेडिकल कॉलेजच्या सरांचा फोन. "एकही गोळी चुकलेली नाही? असं शहरातसुद्धा होत नाही." पेपर छापून आला की त्यांच्या विभागात संशोधनाची जागा मला.
आनंद झाला, लपवायचं कशाला. इतकी वर्षं खोकला, जुलाब, सलाइन. "मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय" ऐकायला गोड वाटतं, पण डोकं उपाशी राहतं.
एक खटकतं. गोळी चुकत नाही, तर अभ्यासातल्या किसनआबांचं बी.पी. उतरत का नाही? डोस वाढवलाय.

१४ ऑक्टो.
किसनआबांच्या मुलाला, संपतला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. गोठ्यात चक्कर येऊन पडला, कपाळाला टाके. बी.पी. फारच कमी. तिशीतला धडधाकट गडी.
सकाळपासून काय खाल्लंस?
"काय न्हाई. नुसती गोळी."
कसली?
"आबांची. डेअरीवरची."
आबांचा गुडघा धरल्यापासून दूध संपत घालतो. दूध आबांच्या नावावर, म्हणून गोळीही तिथंच गिळतो. घरी का नाही नेलीस, म्हटलं.
"समोरच गिळायची, असा तुमचाच नियम हाय ना."
खरं आहे. डोस आबांचा वाढवला आणि पडला संपत.

१५ ऑक्टो.
डेअरीवर चौकशी केली. आणखी घरं निघाली. कुठं सून, कुठं भाऊ, एका घरी तर पाहुणा आलेला जावई. लपवत कुणीच नव्हतं.
"तुम्ही इचारलं, गोळी घेतली का. घेतली की," एक बाई म्हणाली.
परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन रडले. संताप नक्की कुणाचा आला, अजून कळत नाही.

१६ ऑक्टो.
सर म्हणाले, "ती घरं वगळ. मुलगा घसरून पडला, एवढं पुरे. पुढं जाऊ."
कमिटीला खरं कळवलं तर अभ्यास थांबणार. म्हणजे पेपर नाही, पुणे नाही. संपतच्या जागी कुणी म्हातारं माणूस असतं तर?
सुधीरला विचारलं. "तू ठरव. मला काय, दौंडलाही डबा, पुण्यालाही डबा."

१८ ऑक्टो.
कमिटीला सगळं कळवलं. सरांना फोन केला. ते "बरं" म्हणाले आणि ठेवला.
थकवा नुसता. दुपारी ओ.पी.डी.त एकीला दोनदा तोच प्रश्न विचारला.

२३ ऑक्टो.
सकाळीच कमिटीची मेल. अभ्यास थांबवा. अपेक्षित होतं, तरी पुन्हा पुन्हा वाचली. मागोमाग सरांचा मेसेज: नवा विषय आण, जागा तूर्त धरून ठेवतो. उत्तर दिलेलं नाही.
दुपारी किसनआबा आले, संपतच्या मागं बसून, काठी टेकत. खुर्चीवर बसेनात.
"मॅडम, चूक माझी हाय. मीच पोराला म्हनलं, एक बी गोळी चुकवू नको. डेअरीवर बोलत हुते, ह्यो अभ्यास फसला तर मॅडम दवाखाना मोडून पुण्याला जातील."
आबा, उलटं होतं. जमला असता तर गेले असते. ओठांवर आलेलं गिळलं.
आजची गोळी घेतली का, विचारलं.
"न्हाई. आता कुनी घ्यायची, ते तुम्हालाच इचारावं म्हनलं."
जुन्या, कमी डोसची गोळी आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. माझ्यासमोर गिळली, मग कुठं खुर्चीवर टेकले. संपतची जखम बघितली, भरत आलीय. आबांना म्हटलं, पंधरा दिवसांनी बी.पी. दाखवायला या, स्वतः.
दारापर्यंत गेले आणि वळले. "पन तवा तुम्ही असाल ना हितं?"
"तुम्ही या तर आधी," म्हटलं. मी हो म्हणाले नाही.