पापणीवरची फवारणी

३ जून
बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टर नाजिश मॅडमकडे गेलो. काचबिंदू निघाला. म्हणाल्या, डोळ्यात प्रेशर फार आहे. औषध नीट घातलं नाही तर नजर जाईल, आणि गेलेली परत येत नाही. बायको, कोकिळा, घाबरली. मी नाही. कारण औषध नॅनो निघालं! कण इतके बारीक की डोळ्यात जास्त वेळ टिकतात, म्हणून रोज एकच थेंब. मॅडम कसं टाकायचं ते सांगू लागल्या. म्हटलं, मॅडम, नॅनो मला नका शिकवू. खामगावात माझं खताचं दुकान आहे. नॅनो युरिया मीच विकतो.

४ जून
कोकिळा थेंब टाकायला आली आणि डोळा मिटला. सहा वेळा. ही भीती नव्हे, रिफ्लेक्स आहे. उद्यापासून माझं मी टाकणार.

५ जून
विचार केला. नॅनो युरिया मुळाशी ओततो का आपण? पानावर फवारतो. पान आपोआप ओढून घेतं. मग पापणी म्हणजे काय? डोळ्याचं पानच! डोळा मिटून वर थेंब सोडला, बोटानं पसरवला. काही त्रास नाही. मॅडमना हे सुचलं नाही, पण त्यांचा शेतीशी संबंध नाही बिचाऱ्यांचा.

१९ जून
कोकिळा म्हणाली, अवो, डोया उघडून टाका न, काऊन असं करून राह्यले? तिला शोषण म्हणजे काय ते समजावलं. म्हणे, थे मले लग्न झाल्यापासून समजते.
दुकानात मोतीराम आला, जुनं गिऱ्हाईक. त्यालाही सांगितलं. म्हणे, हाव शेठ, मंग पंपानंच मारा न, दोन्ही डोये एका दमात होतेत. थट्टा असावी. दुर्लक्ष केलं.

८ जुलै
रिझल्ट! पापण्यांचे केस लांब, काळे, दाट. वर एवढा फरक, तर आत किती असेल!
संध्याकाळी उजवीकडून आलेल्या म्हशीला धडकलो. काळी म्हैस, काळा रस्ता. यात डोळ्याचा काय दोष?

१६ जुलै
तपासणी. प्रेशर होतं तिथंच. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे.
मॅडम म्हणाल्या, औषध कसं टाकता ते दाखवा. मी ऐटीत डोळे मिटले, थेंब सोडला, बोट फिरवलं. डोळे उघडले तर कंपाउंडर तोंडाला रुमाल लावून बाहेर चालला होता. मॅडम म्हणाल्या, काका, औषध चांगलं आहे हो, पण ते डोळ्यात जायला पाहिजे ना! केस वाढणं हा त्याचा साइड इफेक्ट.
कोकिळा हसली नाही. ती हसली असती तर बरं वाटलं असतं. एसटीत माझ्या उजव्या बाजूला बसली, न सांगता.

त्याच दिवशी, जेवणानंतर
मान मागे टाकून बसलो. कोकिळा म्हणाली, पापनी मी धरते, तुमी फक्त हलू नका. यावेळी डोळा उघडा ठेवला. गालावरून पाणी ओघळलं. म्हटलं, बघ, सांगत होतो ना, झोंबतं औषध.
म्हणाली, अजून झाकन बी नाही उघडलं म्या.