कालव्यात सोडलेलं पाणी

लिनबियन, १२ मे १९९३

चि. किमचुई यास अनेक आशीर्वाद.

लष्कराच्या छावणीतलं जेवण तुला मानवतंय हे वाचून बाबा खूश झाले. बाकी इथे खूश होण्यासारखं काही नाही. वरच्या अंगाला छिउकाकांच्या तळ्यात कोळंबीवर रोगाचे पांढरे ठिपके आले आणि कुणाला न सांगता त्यांनी ते पाणी कालव्यात सोडलं. आम्ही तेच आपल्या तळ्यात घेतलं. आता आपली कोळंबी खाणं टाकून काठाला येते, हातात धरली की मऊ लागते. विचारायला गेले, तर काका म्हणाले, पावसाने पाण्याचा खारटपणा उतरला असेल. तुझे होणारे सासरे म्हणून तोंड आवरलं. किती आवरू?

तुझी आठवण काढणारी,
सूग्योकताई

किनमेन, २० मे

ती. ताईस शि. सा. न.

वाचून मान खाली गेली. तरी हात जोडतो, काकांशी भांडू नकोस. लग्न तोंडावर आलंय, त्यांच्या बीउनची मधल्यामधे फरफट होईल. बाबांना म्हणावं, जुनं पाणी सोडून नवं भरा. चिडलीस तरी लिहीत राहा.

तुझा किमचुई

लिनबियन, १ जून

चि. किमचुई यास आशीर्वाद.

पाणी सोडा म्हणतोस, पण कुठे? खाली काकांचंच दुसरं तळं आहे, अजून धडधाकट. बाबा म्हणाले, सोड, त्यांनी आपला विचार केला होता का? खरं सांगते, मलाही सोडायचंच होतं. तळ्याच्या पाण्याच्या फाटकाला हात घातला, तर समोर त्या तळ्यावर तुझी बीउन खाद्याची चाळणी वर काढत होती आणि तिच्यात कोळंबी उड्या मारत होती. हात चालला नाही. फाटकाच्या फटी चिखलाने लिंपल्या आणि रोग तिथेच मरावा म्हणून आपल्या तळ्यात ब्लीचिंग पावडर ओतली. सगळी मेली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

संध्याकाळी काका आले. वाटलं, आता तरी कबूल करतील. तर पावडर उरली असेल तर द्या म्हणाले. मी पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी नुसतं सांगितलं असतंत, तर आम्ही फाटक उघडलं नसतं." पोतं खांद्यावर टाकून ते निघून गेले.

काळजी घे. मला सध्या धड काही सुचत नाही.

ताई

किनमेन, ९ जून

ती. ताईस शि. सा. न.

बीउनने लिहिलंय, तिला सगळं ठाऊक होतं. बोललं तर लग्न मोडेल म्हणून गप्प राहिली. मीही तुला तेच शिकवत होतो. काकांना कळवलंय, आधी बाबांसमोर येऊन कबूल करा, मग मुहूर्त बघू. उत्तर येईल न येईल. रजा मागितली आहे, तळं उपसायला येतो. तोवर हवं तेवढं रागाव, पण माझ्याशी अबोला धरू नकोस.

तुझा किमचुई