अठ्ठावीस सेंटिमीटरचं चीज

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा (बासष्ट पूर्ण झाली तरी धाकटाच) साष्टांग नमस्कार. डावा गुडघा वाकत नसल्यामुळे नमस्कार सातच अंगांचा आहे, आठवं अंग धरून चाल. तुझी कंबर कशी आहे? भावोजींच्या कानाचं यंत्र अजून शिट्टी वाजवतं का, की त्यांनी ते पुन्हा मुद्दाम काढून ठेवलंय? गाई बऱ्या आहेत ना? तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. माझं काही काम नाही, सहज लिहितोय.

तुझ्या भाचीने विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली हे तुला ठाऊक असेलच (तुम्ही दोघी दर रविवारी बोलता, मला फक्त दाराआडून हसणं ऐकू येतं). कॉलेजच्या फाटकासमोर किल्ल्या बनवणारा बसायचा, ती खिडकीएवढी जागा घेऊन तिथे ती केसाडिया विकणार आहे. केसाडिया म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ चकती, आत चीज भरून दुमडायची आणि तव्यावर दोन्हीकडून शेकायची. बारा दिवसांनी खिडकी उघडायची आहे. तवा आला, पाटी रंगवून झाली, पण चीज काही जमेना. एक आणलं त्याने तेल सोडलं आणि आपण आक्रसून बसलं. दुसरं वितळलंच नाही. साठवलेलं सगळं या खिडकीत घातलेली पोरगी तव्यासमोर रडवेली झाली, ते मला बघवेना. म्हटलं, बाप जिवंत आहे अजून. एकतीस वर्षं पंपांच्या रबरी वायसरांच्या कारखान्यात तपासनीस होतो, वस्तू ताणून पाहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मग मी शहरभर निघालो. पोलादी पट्टी, घड्याळ आणि वही. पद्धत साधी: केसाडिया मधोमध कापायची, दोन तुकडे सावकाश लांब न्यायचे आणि चीजची तार कुठे आणि किती वेळाने तुटते ते मोजायचं. पहिल्या ठिकाणी चार सेंटिमीटर. दुसऱ्या ठिकाणी मालकाला वाटलं मी आरोग्य खात्याचा, त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या आणि माझ्यासमोर फरशी पुसून घेतली (तार: सहा). तिसऱ्या ठिकाणी हात पुरेनात, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाला एक टोक धरायला दिलं, त्याने ते खाऊन टाकलं. तुझी भावजय चौथ्या ठिकाणापर्यंत सोबत होती. त्यानंतर ती वेगळ्या टेबलावर बसू लागली आणि वाढणाऱ्यांना सांगू लागली की हे कोण, मला माहीत नाही.

पण ताई, मजा वाटायला लागली गं. हे असं का होतं, याचा छडाच लावायचा ठरवला. दूध डेअरीतल्या एका रसायनवाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, कोवळं चीज ताणलं जातं; मुरलेल्याला चव येते, पण ते तार धरत नाही, तेल सोडतं. (माणसाचंही तसंच असावं, पण तो विषय नको.) पाकिटातल्या किसलेल्या चीजवर पीठ भुरभुरलेलं असतं, म्हणून त्याचे कण एकमेकांना नीट धरत नाहीत. म्हणजे ठोकळा आणून स्वतः किसावं हे बरं. अकरा ठिकाणं झाली, वही भरत आली आणि उत्तर मिळेना.

बारावं ठिकाण बसडेपोच्या मागे, दोनच टेबलं. मालकीणबाई दोरीचा चष्मा लावणाऱ्या. त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि काही न विचारता बिनमिरचीची केसाडिया आणून ठेवली. माझ्या चेहऱ्यावरचा अनुभव ओळखला असणार, असं मला वाटलं. कापली, ताणली. अठ्ठावीस सेंटिमीटर! तरीही तार तुटली नाही, माझाच खांदा भरून आला. खाल्ली तर आधी दुधाची गोडी, मागून किंचित आंबट. दुसऱ्या घासाला घड्याळ लावायचं विसरलो.

मान वर केली तर उघड्या फ्रिजमध्ये पांढऱ्या कापडाचं गाठोडं. त्याची गाठ पाहिली आणि घास तोंडातच राहिला. दोन फास आणि टोक आत खोचलेलं. बाबा हत्यारांची पिशवी तशी बांधायचे, त्यांनी ती गाठ आपल्या दोघांनाच शिकवली. एक जण तिथे बसून खात होता. म्हणजे चीज तुझंच.

आता तो जुना विषय. तुझ्या चीज बनवायच्या खोलीच्या उद्घाटनाला चाळीस पाहुण्यांसमोर तू पहिला तुकडा मला दिलास आणि मी म्हणालो, "ताई, हे तर निव्वळ रबर झालंय." तू बोलणं टाकलंस. पण विचार कर, हे म्हणालं कोण? ज्याने जन्मभर रबरावर पोट भरलं, त्याने याहून मोठी स्तुती ती काय करायची! तेव्हा गैरसमज तुझाच झाला, पण मी मोठ्या मनाने विसरलो आहे.

माया आहेच, थोडी वाढवलीस तर ठेवायला जागा करीन.

तुझा धाकटा

ता. क. : दर आठवड्याला दहा किलो चीज तुझ्या भाचीला पाठवशील का? पहिलं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पोचलं तर बरं.

ता. क. २ : तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. म्हणाली, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? आणि 'स्तुती' या शब्दावर पेन्सिलने फुली मारली. खरं सांगतो. तो तुकडा मी नीट चाखलाही नव्हता. मला निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले होते, तपासायला जगात काही उरलं नव्हतं, आणि तू पासष्टाव्या वर्षी नवीन काही सुरू करून चाळीस माणसं गोळा केली होतीस. मी जळलो. चूक माझी होती, तुझी नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी खात्री करायला चष्मेवाल्या बाईंकडे जाऊन आलो. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "ताईंचा महिन्यापूर्वीच फोन आला होता. पट्टी घेऊन एक जण येईल, त्याला मिरची घालू नका, पित्ताचा त्रास आहे."

ताई, चीज पाठवू नकोस. मीच न्यायला येतो, पट्टी घरी ठेवून. भावोजींना तेवढं यंत्र कानात घालायला सांग. चाळीस जणांसमोर बोललो होतो, आता निदान दोघांनी तरी ऐकायला हवं.