पंपघराच्या कोळशातला पटाखा

बा, तुला आठवणार नाही. जिवंत होतास तेव्हा डोक्यावरचा पटका घरभर शोधायचास, आता तर वर जाऊन किती वर्षं झाली. म्हणून मीच सांगते. अक्षर मला येत नाही, नात लिहून राहिली आहे आणि माझं बोलणं शाळेच्या भाषेत घालून राहिली आहे. कानाला परकं वाटलं तर तिला रागव.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. पोरं लाकडी नंदी ओढत मिरवतात आणि माझ्या नंदीचं एक चाक तुटलेलं. तू छोट्या लाइनीवर गँगमन. धुकं पडलं की रुळाला बांधायचे पटाखे तुझ्या पेटीत असायचे, इंजिन वरून गेलं की वाजणारे, डबीसारखे चपटे, गोल. मला पटाखा दिसलाच नाही, चाक दिसलं. त्याच्याच शिशाच्या पट्टीने तो नंदीला बांधला आणि गावभर तोऱ्यात ओढला. घरी येते तर तू पेटी उघडून मोजत बसलेला. एक कमी. पट्टी तोडून पटाखा काढला आणि रेल्वेची चीज रेल्वेला परत म्हणून स्टेशनच्या पंपघरामागे कोळशाच्या ढिगात खुपसला. आठ वर्षांचं डोकं, त्यातून तुझंच.

सकाळी पंपवाल्याने फावडंभर कोळसा भट्टीत टाकला. आवाज झाला तेव्हा मी विहिरीवर होते. भट्टीचं दार उडालं आणि त्याच्या उजव्या हाताचा पंजा गेला. माझी बादली रोज त्याच हाताने भरून द्यायचा तो.

बेचाळीसचं साल, जागोजागी रूळ उखडून राहिले होते. काय फुटलं ते कोणत्याच साहेबाला कळलं नाही, पण तुझ्या पेटीत एक पटाखा कमी, एवढं कळलं. शिपाई यायच्या आधी तू नंदीला लोंबणारी पट्टी पाहिलीस. नंदी चुलीत घातलास.

"काऊन वो पोरी, गोल दिसलं का चाकच समजते काय?"

एवढंच. मारलं असतंस तर बरं होतं. नऊ महिने आत राहिलास, नोकरी गेली, दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत धान रोवलंस.

मग झेंडा चढला त्या दिवशी गावाने तुला बैलगाडीत बसवून हार घातला, इंग्रजाचं पंपघर उडवणारा म्हणून. "मी काही केलो नाही गा," तू म्हणत होतास. लोक म्हणाले, किती साधा माणूस. गर्दीतून पंपवाला पुढे आला.

"माह्या हाताचा हार हाय तो. शोभून राहिला तुले."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, बा, आठ नाही. एका शब्दाचं काम होतं, आणि माझं तोंड गावाने वाटलेल्या साखरेने भरलेलं. आठ वर्षांच्या पोरीला मी केव्हाच माफ केलं. त्या तेरावालीचं तोंड मला अजून पाहवत नाही.

नातीने आत्ता लिहिणं थांबवलं. पंपवाल्याचा नातू मुर्री गावाला राहतो, त्याला हे वाचून दाखवू का, विचारते. नको म्हटलं. दर सणाला मी तिकडे डबा धाडते, ते मला मायाळू म्हातारी म्हणतात आणि मी ऐकून घेते. तू हार गळ्यात ठेवलास तो माझ्यासाठी. मी कोणासाठी ठेवून राहिली आहे?

पोरी, हा कागद माझ्या पेटीत टाक. आणि उद्या मुर्रीला पुरणपोळ्या पाठव, उडदाचे वडे पाठव. खीर नको, वाटेत सांडते.